आधी रेकॉर्ड, मग अर्ज: माजी सैनिकांच्या मुलांनी शिष्यवृत्ती कशी मिळवावी

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मला बारावीला चांगले मार्क होते, इंजिनिअरिंगला प्रवेश झाला होता, पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्जही मुदतीत गेला होता. तरी ती मला मिळाली नाही. माझ्या जन्मानंतर वडिलांनी पलटणीत माझं नाव नोंदवलं ते घरात हाक मारायचे ते. पुढे शाळेत आजोबांनी वेगळं नाव घातलं आणि दहावीच्या मार्कशीटवर तेच आलं. ही दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत असं सांगणारा कागद पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून (सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) येईपर्यंत मुदत संपली. ही शिष्यवृत्ती पदवीच्या पहिल्या वर्षालाच मागता येते, म्हणून माझ्यापुरता तो विषय तिथेच मिटला.

तीन वर्षांनी धाकट्या भावाची पाळी आली, तेव्हा आम्ही तो अकरावीत असतानाच वडिलांची काळी ट्रंक उघडली. त्याला शिष्यवृत्ती मिळाली. त्यानंतर आमच्या आणि शेजारच्या गावांतल्या बऱ्याच मुलांचे अर्ज मी बसून भरून दिलेत. मार्क कमी पडून अर्ज बाद झालेला मी क्वचित पाहिला. बाद होतात ते नावातल्या एका अक्षरामुळे, चुकीच्या बँक खात्यामुळे, नाहीतर कॉलेजच्या एका शिक्क्यामुळे. म्हणून खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. फॉर्म भरणं त्यात सहाव्या नंबरावर आहे, हे मुद्दाम आहे.

१. आपण कोणत्या योजनेत बसतो ते आधी बघा

गणवेश घातलेला प्रत्येक जण सरकारी भाषेत ‘माजी सैनिक’ नसतो. ढोबळमानाने, स्थलसेना, नौदल किंवा हवाई दलातून पेन्शनवर आलेला, किंवा सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे घरी पाठवलेला जवान या व्याख्येत बसतो. पेन्शन बसण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून नाव कापून आलेला बहुधा बसत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, आसाम रायफल्स यांची मुलं या दारातून जात नाहीत. त्यांच्यासाठी पंतप्रधान शिष्यवृत्तीच आहे, पण ती गृह मंत्रालयाची, आणि अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा असतो. रेल्वे सुरक्षा दलाच्या मुलांसाठी रेल्वे मंत्रालयाची वेगळी. दरवर्षी एखादा बीएसएफवाल्याचा मुलगा सैनिक कल्याण कार्यालयात रांगेत तासभर उभा राहून परत जातो. तुमचा दिवस वाचवा.

सैन्यदलांच्या मुलांसाठी मुख्य योजना म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती. 2006-07 पासून सुरू आहे, पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांची मुलंही यात धरतात. दरवर्षी 5,500 नव्या शिष्यवृत्त्या, त्यात 2,750 मुलींना आणि 2,750 मुलांना. 2019-20 पासून मुलीला महिना 3,000 रुपये आणि मुलाला 2,500, म्हणजे वर्षाचे 36,000 आणि 30,000. रक्कम अभ्यासक्रम संपेपर्यंत, जास्तीत जास्त पाच वर्षं मिळते. उत्पन्नाची अट नाही, तेव्हा तहसीलदाराच्या दाखल्यासाठी खेटे घालू नका.

अटी अशा:

- बारावी, डिप्लोमा किंवा पदवी, ज्याच्या जोरावर पुढचा प्रवेश घेतलाय, त्यात किमान 60 टक्के.
- अभ्यासक्रम व्यावसायिक पदवीचा आणि मान्यताप्राप्त हवा: बीई, बीटेक, एमबीबीएस, बीडीएस, बीफार्म, बीएस्सी नर्सिंग, बीएस्सी ॲग्री, बीएड, बीबीए, बीसीए वगैरे. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी यात येत नाही.
- एमबीए, एमसीए चालतं, पण ती तुमची पहिलीच व्यावसायिक पदवी असेल तरच. बीई करून एमबीएला गेलात तर नाही.
- पहिल्या वर्षाला असतानाच अर्ज. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांना सूट आहे.
- दूरस्थ शिक्षण आणि परदेशातलं शिक्षण यात बसत नाही.

निवड सरसकट मार्कांवर होत नाही. सहा गट आहेत. लढाईत वीरगती मिळालेल्यांची मुलं आणि विधवा पहिल्या, मग लढाईत अपंगत्व आलेले, मग सेवेशी निगडित कारणाने सेवेत असताना मृत्यू आलेले, मग सेवेशी निगडित कारणाने अपंग झालेले, मग शौर्यपदकवाले. यांच्यानंतर बाकीचे माजी सैनिक, आणि या शेवटच्या गटात फक्त अधिकाऱ्यांखालच्या रँकची मुलं, म्हणजे शिपायापासून सुभेदार मेजरपर्यंत. आपल्याकडचे बहुतेक अर्ज याच गटातले असतात आणि इथे 60 टक्क्यांवर नंबर लागेल अशी आशा धरू नये. गर्दी मोठी, जागा उरतील तेवढ्या. वडिलांना डिसॅबिलिटी पेन्शन असेल, तर त्याचा कागद शोधून योग्य गटात अर्ज करा. लोक संकोचाने किंवा आळसाने तो कागद काढत नाहीत आणि पोराला सगळ्यात मोठ्या रांगेत उभं करतात.

आणखी एक गैरसमज. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ‘डिफेन्स’ कोट्यातून जागा मिळाली म्हणजे शिष्यवृत्ती आपोआप लागते असं नाही. तो कोटा राज्याच्या सीईटी कक्षाचा, ही योजना दिल्लीची. एकाचा कागद दुसरीकडे चालेल असं धरून बसू नका.

२. ट्रंक उघडा: रेकॉर्ड तपासा

ही पायरी मुलगा अकरावीत असताना करायची. बारावीच्या निकालानंतर केली तर उशीर झालेला असतो, हे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगते.

डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना सैन्याकडून मिळालेलं सेवेचं पुस्तक, काढा. त्यात कुटुंबाचं पान असतं. बायको, मुलं, जन्मतारखा. शेजारी दहावीची मार्कशीट आणि आधार कार्ड ठेवा. आता पट्टी घ्या आणि एकेक ओळ लावून अक्षरं जुळवा. मी हे सैनिक कल्याण कार्यालयातल्या कारकुनाकडून शिकले. त्यांनी माझ्या नावाखाली स्टीलची पट्टी धरली, पेन्सिलने एका अक्षरावर टिंब दिलं आणि म्हणाले, “ताई, हे बघा, इथं तुम्ही कुणी दुसऱ्याच आहात.”

काय काय बघायचं:

मुलाचं नाव, आडनाव आणि त्यांचा क्रम. सैन्यात बऱ्याचदा मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतच नाही, किंवा आडनाव गाळलेलं असतं. शाळेत मात्र पूर्ण नाव.

जन्मतारीख. जुन्या पिढीत गावाकडून पत्र यायचं, ‘मुलगी झाली, श्रावणात’. त्यावरून कुणीतरी अंदाजाने तारीख लिहायचं. शाळेत मास्तरांनी 1 जूनची तारीख घातलेली. या दोन्ही तारखा सरकारी कागदावर पक्क्या बसलेल्या असतात.

वडिलांचं स्वतःचं नाव. हे लोक विसरतात. पलटणीत ‘बाबू’, आधारवर ‘बाबुराव’, मुलाच्या मार्कशीटवर ‘बाबूराव’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर एका ठिकाणी शेवटी एच लागतो, दुसरीकडे नाही. ‘शिंदे’ किती प्रकारे लिहितात ते मोजून बघा.

आणि मुलाचं नाव मुळात तिथे आहे का? निवृत्तीनंतर झालेल्या मुलांचं, किंवा शेवटच्या पोस्टिंगच्या धावपळीत झालेल्या मुलाचं नाव नोंदवायचं राहून गेलेलं असतं.

नोकरीत असताना अशी नोंद युनिटच्या लेखी आदेशाने होते, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. नौदलात त्याला जेनफॉर्म म्हणतात, हवाई दलात पीओआर. निवृत्तीनंतर दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसमार्फत होते. आपल्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस कुठे आहे ते डिस्चार्ज बुकवरच असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. अर्ज माजी सैनिकाच्या सहीचा, त्याला मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, आधार, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या (पेन्शन मंजुरीचा आदेश) प्रती. थेट पोस्टाने पाठवता येतो, पण मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासह पाठवायला सांगते. कागद कमी असेल तर तिथेच कळतं, बेळगावला जाऊन परत येत नाही. पोचपावती जपा. उत्तराला महिने लागतात असं समजूनच चाला.

मग कुठला कागद बदलायचा, शाळेचा की पलटणीचा? शक्यतो पलटणीचा. दहावीची मार्कशीट बदलायला गेलात तर पुढचा प्रत्येक कागद हलतो. मुलाचं पुढचं आयुष्य मार्कशीटवरच्या नावानेच जाणार आहे, वडिलांची नोंद त्याला जुळवून घ्या.

पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून अनेकांचा पीपीओ नंबर नवा झालाय. जुना तपकिरी पडलेला पीपीओ एका फॉर्मवर आणि नवा ई-पीपीओ दुसऱ्यावर, असं करू नका. स्पर्शवर लॉगिन करून ई-पीपीओ उतरवून घ्या. दोन्ही जवळ ठेवा, पण फॉर्ममध्ये सगळीकडे एकच नंबर घाला.

३. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद आणि ओळखपत्र

अर्ज ऑनलाइन असला तरी तो आधी याच कार्यालयाकडे पडताळणीला जातो, तिथून राज्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे, मग दिल्लीला केंद्रीय सैनिक बोर्डाकडे. आपल्या राज्याच्या विभागाचं मुख्यालय पुण्याला आहे, तिथे तुम्हाला जावं लागत नाही. जिल्ह्याच्या कार्यालयात मात्र एकदा तरी मूळ कागद घेऊन जावंच लागतं.

वडिलांची तिथे नोंदणी आहे का ते विचारा. बरेच जण निवृत्त झाल्यावर नोकरीसाठी नाव घालतात ते दुसऱ्याच जिल्ह्यात, आणि राहतात तिसऱ्याच. मग फाइल एका ठिकाणी, माणूस दुसऱ्या ठिकाणी. आधी नोंद राहत्या जिल्ह्यात हलवून घ्या. माजी सैनिक ओळखपत्र जुनं, हाताने लिहिलेलं असेल तर नवं काढा.

जाताना वडिलांना बरोबर न्या. हे औपचारिक कारणासाठी सांगत नाही. तिथल्या टेबलामागचे लोक बहुतेक स्वतः माजी सैनिकच असतात. “कुठल्या बटालियनचे, साहेब?” इथून जे बोलणं सुरू होतं त्यात एखादा कागद कसा मिळवायचा याची माहिती सहज निघते, ती कुठल्याही सूचना-पत्रकात नसते. वीरनारी असतील तर त्यांच्याबरोबर घरातलं कुणी जा. कल्याण संघटक नावाचे कर्मचारी अशा कुटुंबांसाठीच असतात, त्यांचं नाव विचारून ठेवा. महिन्याच्या सुरुवातीला आणि नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत, गर्दी असते.

४. बँक खातं, मुलाच्या स्वतःच्या नावाचं

पैसे विद्यार्थ्याच्याच खात्यात येतात, वडिलांच्या नाही. खातं आधारशी जोडलेलं हवं, आणि ते जोडलेलं आहे असा बँकेचा सही-शिक्क्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यात अर्जाबरोबर लागतो.

इथले सापळे: वडिलांबरोबरचं जॉइंट खातं. पतपेढीतलं खातं. दहावीच्या वेळी शाळेने काढून दिलेलं अज्ञान मुलाचं खातं, ज्याला अठरा पूर्ण झाल्यावर नवी केवायसी लागते आणि ती कुणीच केलेली नसते. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे आधार बँकेत ‘लिंक’ असणं, पण सरकारी पैसे कुठल्या खात्यात जायचे त्या नोंदीत दुसरीच बँक असणं. ही नोंद एका वेळी एकाच बँकेची राहते. नंतर कुठे नवं खातं उघडताना तुम्ही एका चौकोनात खूण केलीत की ती तिकडे सरकते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, अर्जाच्या आदल्या आठवड्यात बघा.

राष्ट्रीयीकृत बँकेत साधं बचत खातं उघडा आणि शिक्षण संपेपर्यंत ते बदलू नका.

५. कॉलेजचा दाखला

बोनाफाईड म्हणजे कॉलेजच्या खिडकीवर दहा मिनिटांत मिळणारा कागद, असं आम्हालाही वाटलं होतं. या अर्जाला केंद्रीय सैनिक बोर्डाच्या छापील नमुन्यातलाच लागतो. त्यात अभ्यासक्रमाचं नाव, कालावधी, प्रवेशाची तारीख, कुठल्या नियामक संस्थेची मान्यता आहे ते, आणि खाली प्राचार्य, कुलसचिव अशा अधिकृत व्यक्तीची सही व गोल शिक्का.

भावाच्या कॉलेजात क्लार्कने आपल्याच लेटरहेडवर दाखला दिला, वर ऐकवलं, “सगळ्यांना हाच देतो.” आम्ही नमुन्याची प्रत पुढे केली. मग सही मिळाली ती विभागप्रमुखांची. तिसऱ्या फेरीत प्राचार्यांची. नमुना आधीच छापून, माहिती पेन्सिलने भरून न्या. समोरच्याला फक्त ती पेनने गिरवून सही घ्यायची राहील असं करा. अभ्यासक्रमाचा कालावधी आणि तुम्ही कितव्या वर्षाला आहात हे दोन रकाने सही झाल्या झाल्या तिथेच वाचा. खाडाखोड असेल तर नवा कागद मागा. व्हाइटनर लावलेला दाखला पडताळणीत परत येतो.

६. आता ऑनलाइन अर्ज

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर: केएसबी डॉट जीओव्ही डॉट इन. मुदत दरवर्षी तिथेच जाहीर होते. व्हॉट्सॲपवर फिरणारी तारीख बहुधा गेल्या वर्षीची असते. अर्जाला फी नाही. ‘दिल्लीतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका; यादी मार्क आणि गटावर लागते, त्यात त्याला करण्यासारखं काही नसतं.

आधी नोंदणी, मग लॉगिन, मग अर्ज. नोंदणीच्या वेळी ईमेल आणि मोबाइल स्वतःचा घाला. सांगायला क्षुल्लक वाटतं, पण आमच्याकडच्या एका मुलीचा अर्ज सायबर कॅफेवाल्याने स्वतःच्या ईमेलवरून भरला होता. त्रुटीचा निरोप त्याच्या इनबॉक्समध्ये पडला, त्याने तो उघडलाच नाही. ती वाट बघत राहिली.

स्कॅन करून ठेवायचे कागद:

- माजी सैनिक असल्याचा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, ठरलेल्या नमुन्यात
- डिस्चार्ज बुक, विशेषतः कुटुंबाचं पान
- पीपीओ
- माजी सैनिक ओळखपत्र, दोन्ही बाजू
- दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी)
- बारावी, डिप्लोमा किंवा पदवीच्या मार्कशीट
- कॉलेजचा बोनाफाईड
- बँकेचा दाखला आणि पासबुकाचं पहिलं पान
- विद्यार्थ्याचं आधार आणि फोटो
- वरच्या गटात असाल तर त्याचा पुरावा: मृत्यूचं कारण, अपंगत्व किंवा शौर्यपदकाचा कागद

झेरॉक्सचं स्कॅन नको, मूळ कागदाचं करा. डिस्चार्ज बुकची पानं पिवळी आणि शाई फिकी झालेली असते. मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपमध्ये काळं-पांढरं न ठेवता रंगीत ठेवलंत तर अक्षर दिसतं. फाइलच्या आकाराची मर्यादा फॉर्मवर लिहिलेली असते, त्यात बसवताना कागद वाचता येईल इतपतच दाबा.

टक्केवारी भरताना डोक्यातला आकडा घालू नका, मार्कशीटवरून करा. श्रेणीत निकाल असेल तर विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र जोडा.

अर्ज गेला की डाक आयडी मिळतो. वहीत लिहा. फ्रिजवर चिकटवा. पुढचं सगळं त्याच नंबरावर.

७. अर्ज गेल्यावर झोपू नका

पाच-सहा दिवसांत सैनिक कल्याण कार्यालयात मूळ कागद दाखवायला जा. ऑनलाइन पाठवला म्हणजे झालं असं समजून पुष्कळ जण जात नाहीत आणि अर्ज पहिल्याच टेबलावर राहतो. नंतर दर पंधरा दिवसांनी डाक आयडी टाकून स्थिती बघा. त्रुटी निघाली तर काय कमी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. दिलेल्या मुदतीत नवा कागद चढवा आणि कार्यालयात फोन करून सांगा, कारण दुरुस्त केलेला अर्ज पुन्हा त्यांच्याच हातून पुढे जातो.

८. पैसे आणि नूतनीकरण

पैसे प्रवेशाच्या वेळी हातात नसतात. वर्षाची रक्कम एकदम येते आणि उशिरा येते. फीचा पहिला हप्ता घरातून, कर्जातून, कुठूनतरी भरावाच लागतो. हे घरात आधीच बोलून घ्या. “शिष्यवृत्ती आहे ना” म्हणून वडील निर्धास्त असतात, आणि कॉलेज लेट फी लावतं.

दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज आपण स्वतः करायचा, तो आपोआप होत नाही. मागच्या वर्षात पास आणि किमान 50 टक्के लागतात. पहिल्या वर्षी होस्टेल, नवं शहर, गणिताचा पेपर, आणि केटी लागली की पुढचे पैसे अडतात. भावाला मी सेमिस्टर सुरू होतानाच हा हिशेब सांगितला होता: एक विषय राहिला तर 30,000 रुपयांना पडेल.

शाळेत असलेल्या मुलांसाठी

पंतप्रधान शिष्यवृत्ती कॉलेजची. पहिलीपासून पदवीपर्यंत मदत हवी असेल तर संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतलं शैक्षणिक अनुदान आहे. याला पैसा सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो, 7 डिसेंबरला शाळेत छोटे झेंडे लावून आपण ज्याला पैसे देतो तोच. हवालदार आणि त्याखालच्या रँकच्या माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या विधवेच्या दोन मुलांपर्यंत मिळतं. पूर्वी महिना 1,000 रुपये होते. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना 2,000 झालेत. सुभेदार झालेल्यांना हे नाही. मूल पास झाल्यावर दरवर्षी त्याच संकेतस्थळावर अर्ज, प्रगतिपुस्तक जोडून. वडील आता बँकेत, एसटीत किंवा सरकारी खात्यात नोकरीला असतील आणि तिथून मुलांचा शिक्षण भत्ता घेत असतील, तर दोन्हीकडून घेता येत नाही. अर्जात तसं लिहून द्यावं लागतं.

जिल्ह्याच्या गावी सैनिक कल्याण विभागाची मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत. खोली भाड्याने घेण्याच्या मानाने खर्च फारच कमी. जागा जूनमध्ये भरतात, निकाल लागल्या दिवशी जा. महाडीबीटीवर उच्च शिक्षण संचालनालयाची माजी सैनिकांच्या मुलांसाठीची शैक्षणिक सवलतही आहे, तिचे नियम तिथे वाचा. आणि वडील स्थलसेनेतले असतील तर आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीची कॉलेजं बघा. पुण्यात दिघीला असलेलं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्यांचंच, तिथे जेईई मेनच्या गुणांवर प्रवेश होतो.

वीरनारींसाठी

लढाईत किंवा मोहिमेत वीरगती मिळालेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंगत्व आलेल्यांच्या मुलांसाठी संरक्षण मंत्रालयाची शैक्षणिक सवलत 1971च्या युद्धानंतर सुरू झाली. पदवीपर्यंतची शिकवणी फी, वसतिगृह, पुस्तकं, गणवेश यांचा खर्च यात येतो. 2017 मध्ये फी आणि वसतिगृहाला मिळून महिन्याला 10,000 रुपयांची मर्यादा घातली होती, ती मार्च 2018 मध्ये काढून टाकली. आजही कुणी “दहा हजारच मिळतील” म्हणालं तर तो जुना नियम सांगतोय. हा अर्ज रेकॉर्ड ऑफिस आणि सेना मुख्यालयाकडून जातो. फीची मूळ पावती लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून पावत्या एका पाकिटात ठेवा. कॉलेजच्या ॲपवरचा स्क्रीनशॉट पावती म्हणून चालत नाही.

विधवेला स्वतः शिकायचं असेल तर पंतप्रधान शिष्यवृत्तीत तीही पात्र आहे. संरक्षणमंत्री निधीतून दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणालाही अनुदान आहे, आणि व्यवसाय प्रशिक्षणासाठी एकरकमी 50,000 रुपये. शिवण, ब्युटी पार्लर एवढ्यावर कुणी थांबवलं तर थांबू नका. आमच्या ओळखीच्या एका काकींनी बीएडला प्रवेश घेतला तेव्हा त्यांचा मुलगा आठवीत होता. दोघांचे अर्ज आम्ही एकाच दुपारी, एकाच स्कॅनरवर भरले.

आणि स्वतः निवृत्त झालेल्यासाठी

वडील मंडळी आपलं शिक्षण झालंच असं धरून चालतात. पंधरा वर्षं सेवा झालेला मॅट्रिक सैनिक केंद्र सरकारच्या गट क पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरला जातो, पण एमबीएच्या प्रवेशाला तो कागद कामाचा नाही, तिथे खरी पदवी लागते. अजून नोकरीत असाल तर पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम निवृत्तीच्या आधी घ्या: जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानांची फी पूर्ण सरकार भरतं, अधिकाऱ्यांची 60 टक्के. नाव युनिटमधूनच जातं, म्हणून सुट्टीवर घरी आल्यावर ठरवू म्हणालात तर ती बॅच निघून जाते.

आमच्या वडिलांनी तो कोर्स घेतला नाही. निवृत्तीआधी ट्रंकेवरचा पांढऱ्या रंगातला नंबर मात्र पुन्हा गिरवला होता. आता तिच्यात डिस्चार्ज बुकाच्या वर तीन प्लास्टिकची पाकिटं आहेत, एकेक मुलाचं, आणि माझ्या पाकिटात बेळगावहून उशिरा आलेलं ते पत्र.